दांडीवरचा पांढरा ठिपका

फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसलो होतो. निवृत्त माणसाच्या वाट्याला घरात जी कामं येतात त्यातलं हे एक. आमच्या सौभाग्यवतींच्या, म्हणजे नलूच्या मते मी तेही धड करत नाही. काड्या ठेवतो आणि पानं टाकतो. फोनवर रमेश होता, डोमाजींचा मुलगा. "सर, बाबा गेले," एवढंच म्हणाला. मग हळूहळू सांगितलं, सकाळी उठले, चहा घेतला, पलंगावर टेकले आणि गेले. कुणाला हाक मारायचीसुद्धा तसदी घेतली नाही. मी "निघतोच" म्हणालो, फोन ठेवला आणि हातातली जुडी तशीच धरून बसलो. खोटं कशाला बोलू, दुःख नंतर आलं. पहिल्यांदा मनात आलं ते हे, की आठ वर्षांपूर्वी मी या माणसाला एक वाक्य बोललो होतो आणि ते परत घ्यायचं राहून गेलं. येत्या रविवारी बोलू, संक्रांतीला बोलू, जरा ऊन उतरलं की बोलू, असं करत आठ वर्षं काढली. नागपुरात धरमपेठेतून इतवारी काही काशी-रामेश्वर नाही.

त्या वाक्याकडे येतोच. पण डोमाजी कोण हे आधी सांगायला हवं, कारण पेपरात त्यांचं नाव कधी आलं नाही आणि आता हेच पहिलं नि शेवटचं. इतवारीत भांड्यांच्या दुकानांच्या रांगेतून एक बोळ आत वळतो. त्या बोळात, दोघं बसले की तिसऱ्यानं बाहेर उभं राहायचं अशा जागेत, त्यांचं खरादकामाचं दुकान होतं. लाकूड, शिंग, पितळ, जे म्हणून गरगर फिरवून घडवता येतं ते सगळं तिथं घडायचं. पलंगाचे पाय, लाटणी, बुद्धिबळाच्या सोंगट्या, म्हाताऱ्यांच्या काठ्यांच्या मुठी. घराणं कोष्ट्याचं. तांडापेठेतल्या त्यांच्या घरी दोन माग होते आणि आजोबा, वडील दोघंही त्यावर काठाची लुगडी विणायचे. माग बंद पडले तेव्हा डोमाजी पंचविशीत होते. पण मागाचे धोटे, कांड्या दुरुस्त करता करता हात खरादीवर बसला होता, त्यामुळे तोच पुढं धंदा झाला. धोटा म्हणजे ती होडीसारखी वस्तू, जिच्या पोटात सुताची कांडी असते आणि जी ताण्याच्या धाग्यांमधून इकडून तिकडे धावते. हे मला डोमाजींनी शिकवलं. रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाला अंगावरचं कापड कसं तयार होतं हे ठाऊक असायची काय गरज, असा माझा तोवरचा खाक्या होता.

त्यांच्याकडे मी गेलो होतो माझ्या पाइपसाठी. आता या पाइपची कुळकथा सांगायला मला लाज वाटते, पण इलाज नाही. कॉलेजात लागलो तेव्हा अंगानं किरकोळ आणि तोंडानं पोरसवदा होतो. पहिल्याच आठवड्यात एका पोरानं मागून माझा शर्ट ओढून "ए, खाली बस ना बे, सर येऊन राहिले" असं सुनावलं होतं. माझे मामा चांद्याकडे जंगल खात्यात होते. त्यांनी सोडलेला एक पाइप मी मागून आणला. तोंडात पाइप धरला की वय दहा वर्षांनी वाढतं, हा माझा एकमेव मौलिक शोध. तंबाखूची सवय लागली ती नंतर. आधी लागली ती दिसण्याची. पाइपची लाकडी वाटी फार सुरेख होती, पिंगट, रेषारेषांची. पण दांडी म्हणजे आनंद होता. एके काळी ती काळ्याभोर रबराची असणार, माझ्याकडे आली तेव्हा शेवाळल्यागत हिरवट-पिवळी झाली होती आणि तिच्यावर मामांच्या दातांचे खड्डे होते. अशीच ती मी चांगली दहा-बारा वर्षं वापरली. मग एके दिवशी स्टाफरूममध्ये इतिहासाच्या एका सहकाऱ्यानं चारचौघांत विचारलं, "हे कुठल्या उत्खननात सापडलं हो?" झालं. मला काही तो चहा गोड लागला नाही. त्याच संध्याकाळी मी स्कूटर काढली आणि शोधत शोधत इतवारीतल्या त्या बोळात पोचलो.

डोमाजींनी पाइप हातात घेतला, फुंकर मारून पाहिली आणि विचारलं, "काहून बदलता? धूर येत नाही का?" मी म्हटलं, धूर येतो, पण दिसायला बरा नाही. त्यावर ते मान हलवत म्हणाले, "म्हंजे नवरदेव चांगला हाय, नुसता फेटा बदलायचा हाय." मग त्यांनी मला समोरच्या स्टुलावर बसवलं आणि पाइप तोंडात धरायला सांगितला. स्वतः हातातलं काम बाजूला ठेवून माझ्याकडे बघत बसले. एक मिनिट, दोन मिनिटं... बोळातून येणारे-जाणारे थांबून बघायला लागले. मी वैतागून काही बोलणार तेवढ्यात म्हणाले, "सर, तुमचं नाक मोठं हाय. सरळ दांडी लावली तं दोन दांड्या दिसते. वाकवा लागते." इतक्या वर्षांत माझ्या नाकाबद्दल माझ्या बायकोशिवाय कुणी इतकं स्पष्ट बोललं नव्हतं. मला राग यायला हवा होता. पण त्या माणसाच्या बोलण्यात टवाळी नव्हती. शिंप्यानं छातीचं माप सांगावं तसं ते त्यांनी सांगितलं होतं.

तरी मी माझंच चालवलं. कुठल्याशा मासिकात मी पिवळ्या पारदर्शक दांडीचा पाइप पाहिला होता, तसलीच पाहिजे म्हटलं. डोमाजी एकदाच म्हणाले की सर, हे तुमाले शोभणार नाही. दुसऱ्यांदा बोलले नाहीत. जशी मागितली तशी करून दिली. घरी आणली तर नलू म्हणाली, खोकल्याच्या औषधाची बाटली कधीपासून तोंडात धरायला लागलात. पंधरा दिवस नेटानं मिरवली आणि मान खाली घालून परत बोळात गेलो. डोमाजींनी खण उघडला आणि तयार दांडी काढून समोर ठेवली. फाउंटनपेनं ज्या काळ्या एबोनाइटची करतात त्याची, हलकी बाक दिलेली, टोकाशी चपटी, ओठांत अशी बसणारी की धरल्याचं कळू नये. पहिली केली त्याच दिवशी त्यांनी ही दुसरीही करून ठेवली होती. मी ओशाळून विचारलं, मी येणार हे तुम्हाला ठाऊक होतं? तर म्हणाले, "तुमी नाही, तुमचं नाक येणार होतं." इथं मात्र मी हसलो, आणि तिथून आमची जी दोस्ती जमली ती शेवटपर्यंत.

त्यांच्या कामाची एक रीत होती. वस्तू तयार झाली की ते गिऱ्हाइकाला डोळे मिटायला लावायचे आणि अंगठ्याचं नख सांध्यावरून फिरवायला सांगायचे. लाकूड संपून दांडी सुरू होते तिथून नख फिरवा. अडकलं तर वस्तू परत खरादीवर. नाही अडकलं तर घेऊन जा. "डोयाचं काई सांगू नका, सर," ते म्हणायचे, "डोया फसते. नख फसत नाही." ही शिकवण आजोबांची. कापड पाहतानाही आजोबा आधी डोळे मिटून काठावरून नख फिरवायचे म्हणे. मी जन्मभर परीक्षक. लाल पेन हातात असलं की मला उत्तरात चूक दिसल्याशिवाय चैन पडत नाही. बोर्डाच्या पेपरतपासणीत माझं नावच कसाई होतं. पण या दुकानात पंचवीस वर्षं मी डोळे मिटून नख फिरवत आलो आणि एकदाही अडकलं नाही. काठीची मूठ असो, नातवाचा भोवरा असो, नलूचं लाटणं असो. माझ्यातल्या कसायाला तिथं कधी काही सापडलं नाही, आणि गंमत म्हणजे त्याचं मला वाईट न वाटता बरंच वाटायचं.

एकदा आम्ही दोघं माझ्या स्कूटरवर रामटेकला गेलो होतो. मला आपलं वाटलं, डोमाजी भाविक माणूस, दर्शन घेतील, पायऱ्यांवर बसून दोन घास खाऊ आणि परत येऊ. दर्शन त्यांनी घेतलंच. पण नंतर बघतो तर हे महाशय एका दगडी खांबापाशी डोळे मिटून उभे. मी समजलो, जप चाललाय. जवळ गेलो तर दोन दगड जिथं एकमेकांवर बसवलेत तिथं यांचा अंगठा फिरत होता. शेजारून लोक जात होते, एका बाईनं तर बघून त्या खांबालाच नमस्कार केला. मग डोळे उघडून मला म्हणाले, "काम चोख हाय बाप्पा. कोन केलं असंन?" परत येताना वाटेत भातखाचरं लागली, छान वारा सुटला होता, मी काहीबाही बोलत होतो, ते मागे बसले होते. माणसाचं नाव राहत नाही, नख फिरवलं तर हात तेवढा कळतो, असं काहीतरी ते मधेच म्हणाले. स्कूटरच्या आवाजात मी अर्धं ऐकलं.

आता ते वाक्य. माझी निवृत्ती जवळ आली. निरोप समारंभ ठरला, कॉलेजच्या वार्षिकात छापायला फोटो काढायचा ठरला आणि माझ्या डोक्यात पुन्हा दिसण्याचा किडा वळवळला. एबोनाइटची दांडी आता कळकट दिसत होती. मी डोमाजींना गाठून म्हटलं, शेवटचं एकदा असं काही करून द्या की फोटो पाहणाऱ्यानं माझ्याकडे न बघता पाइपकडे बघावं. ते म्हणाले, मग शिंगाची करू. म्हशीचं शिंग, चांगलं जुनं, मुरलेलं पाहिजे. त्यांनी बरीच शोधाशोध केली. बाजारात मिळालेल्या दोन शिंगांचे पापुद्रे सुटले, तिसऱ्याला आत पोकळी निघाली. समारंभ चार दिवसांवर आला तरी दांडी नाही. मी रोज फोन करायचो आणि तिकडून उत्तर यायचं की पाहून राहिलो, सर, पाहून राहिलो. शेवटी आदल्या दिवशी त्यांनीच बोलावलं.

मी आयुष्यात इतकी देखणी वस्तू हातात धरलेली नाही. काळी म्हणावी तर काळी नाही. उजेडात धरली की आतून मधाच्या रंगाची एक रेघ लांबवर जायची. तेलात तापवून दिलेला बाक लाकडाच्या रेषांना इतका मिळून गेला होता की वाटी आणि दांडी एकाच झाडाला लागली असतील असं वाटावं. धुराचं भोक त्यांनी सायकलच्या चाकाची तार घासून तिनं पाडलं होतं, बाक देण्याआधी, सुतासारखं सरळ. मी डोळे मिटले, नख फिरवलं. कुठं म्हणजे कुठं अडकलं नाही. मग डोळे उघडले आणि मला ठिपका दिसला. दांडीच्या डाव्या अंगाला, ओठांपासून दोन बोटांवर, ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरट ठिपका. काळ्या शिंगाला कुठंतरी भोक होतं आणि ते पांढऱ्या शिंगाच्या तुकड्यानं बुजवलं होतं, हे उघड होतं. बुजवलं होतं चोख. पण काळ्याला काळं लावायचं सोडून पांढरं. झालं, माझ्यातल्या कसायाला पंचवीस वर्षांनी सावज मिळालं. दुकानात दोन गिऱ्हाइकं बसली होती, त्यांच्यासमोर मी म्हणालो, "डोमाजी, मोतीबिंदू झाला का हो? आता हात थकले तुमचे."

त्यांनी पाइप माझ्या हातातून घेतला, फडक्यानं पुसला, तो ठिपका अंगठ्यानं जरा जास्त वेळ पुसला आणि परत दिला. "ते राहू द्या, सर," म्हणाले. "दिसू द्या ते." मी तोंड वाकडं करून पाइप खिशात घातला. फोटोग्राफरला सांगून उजव्या बाजूनं फोटो काढून घेतला. समारंभात प्रत्येकानं दांडीचं कौतुक केलं, त्या इतिहासवाल्यानं तर हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि उत्खननाबद्दल माफी मागितली. मी मनात म्हणत होतो, हे सगळं मी उद्या डोमाजींना जाऊन सांगतो. गेलोही आठवड्यानं. पण मूळ वाक्याला हात लावला नाही. इतकी वर्षं ज्याच्या कामात खोट निघाली नाही त्याला चारचौघांत म्हातारा आणि आंधळा म्हटलं होतं मी, आणि माफी मागायची म्हटलं की ती चारचौघांतच मागायला हवी होती. जीभ उचलली नाही. दर भेटीत मनाशी जुळवून जायचो आणि चहा पिऊन परत यायचो.

निवृत्तीनंतर पाच-सहा वर्षांनी छातीनं तक्रार केली. डॉक्टरांनी दम भरला, नलूनं डॉक्टरांपेक्षा जास्त भरला, तंबाखू सुटली. आणि खरं सांगू, फारशी आठवणही आली नाही. पाइप मी दिवाणखान्यातल्या काचेच्या शोकेसमध्ये ठेवला, कॉलेजनं दिलेल्या ढालीशेजारी, आणि बाहेरून कुलूप घातलं, कारण नातवंडं येतात. या वर्षी माघात डोमाजी नातीच्या लग्नाची पत्रिका घेऊन घरी आले. लग्नाला काही मला जाणं झालं नाही, त्यामुळे ती आमची शेवटची भेट. खूप वाळले होते. पोहे खाता खाता त्यांचं लक्ष शोकेसकडे गेलं आणि ते म्हणाले, जरा काढता का? किल्ली सापडेना. नलूनं तीन खण उपसले, मी दोन, आणि ते तेवढा वेळ काचेसमोर उभे राहून आत बघत होते. किल्ली मिळाल्यावर त्यांनी पाइप हातात घेतला, दांडी अंगठ्यानं चाचपली, माझ्याकडे न बघता विचारलं, "बंद केला?" मी मोठ्या अभिमानानं म्हटलं, दोन वर्षं झाली, एक झुरका नाही. ते म्हणाले, चांगलं केलं. मग थोडं थांबून म्हणाले, "ओढू नका. पन रोज हातात घेत जा, सर. शिंग हाय ते. हात लागला नाही तं उन्हाळ्यात सुकते." मी हो म्हटलं. ते गेले, मी पाइप परत आत ठेवला, कुलूप लावलं, आणि या खेपेला किल्ली हरवू नये म्हणून नलूकडे दिली. त्यानंतर नागपूरचा अख्खा उन्हाळा गेला.

तर रमेशचा फोन आला आणि मी तांडापेठेत गेलो. नंतर तेराव्यालाही गेलो. त्या दिवशी माणसं पांगल्यावर कौसल्याबाईंनी, म्हणजे डोमाजींच्या पत्नीनं, मला आतल्या खोलीत बोलावलं. मला वाटलं, माझं ते वाक्य यांच्या कानावर असणार आणि आता आपल्याला ऐकावं लागणार. ऐकून घ्यावं, तेवढं तरी करावं, असं ठरवूनच मी आत गेलो. देवघराशेजारी भिंतीत दोन खुंट्या होत्या. एक रिकामी. दुसरीला लाल दोऱ्यानं एक काळा धोटा टांगला होता. शिंगाचा. त्यांनी तो काढून माझ्या हातात दिला. जुना, मुरलेला, उजेडात धरला तर आतून मधाच्या रंगाची रेघ जाणारा. त्याच्या टोकाजवळ, डाव्या अंगाला, ज्वारीच्या दाण्याएवढं भोक होतं.

"इथून सूत बाहेर येते," त्या म्हणाल्या. "जोडी होती. त्याईच्या आज्याच्या हातची. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीले, पूजा करो आमी दोनीची. एक तुमच्या तोंडात गेला."

मी विचारलं, असं का केलं त्यांनी? माझ्या एका फोटोसाठी? कौसल्याबाईंनी शांतपणे सांगितलं. रमेश म्हणाला होता, बाबा, घरची वस्तू कापू नका. त्यावर डोमाजी म्हणाले होते की घरात माग नाही, विणणारा नाही. वर्षातून एकदा कुंकू लावायचं आणि वर्षभर खुंटीवर मरू द्यायचं, यापेक्षा सरांच्या हातात रोज फिरत राहील, त्यातून रोज काहीतरी जात-येत राहील. धोट्याला काम पाहिजे. आणि ते पांढरं? मी विचारलं. काळं लावून लपवलं असतं तर मला कधी कळलंच नसतं. कौसल्याबाई म्हणाल्या, "त्याईले बुजवायचं होतं, पन मिटवायचं नव्हतं."

मग मी एकदाचं ते वाक्य त्यांना सांगून टाकलं. मोतीबिंदूचं, हात थकल्याचं. आठ वर्षं उरावर घेऊन फिरलो होतो, ते त्या माउलीसमोर ओतलं आणि वाट बघत राहिलो. त्या चक्क हसल्या. म्हणाल्या, "सांगतलं होतं न मले. घरी आले तं खूश होते. म्हने, सरले पह्यल्याच नजरेत दिसलं." म्हणजे ज्याचा मी डोंगर करून ठेवला होता ते त्या माणसाच्या लेखी काहीच नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढे मात्र दुसरंच आलं. आमचा दिवाणखाना, काचेचं शोकेस, आणि किल्ली सापडेपर्यंत त्याच्यासमोर उभे राहिलेले डोमाजी. खुंटीवरून सोडवून त्यांनी जे माझ्या हातात दिलं होतं ते मी कुलपात ठेवलं होतं, आणि त्यांनी ते बघितलं होतं, आणि तरी फक्त एवढंच म्हणाले होते की रोज हातात घेत जा.

घरी परतताना ऑटोवाल्याला मी उगाच दोनदा हटकलं, चल बाबा, चल. पोचल्या पोचल्या नलूकडे किल्ली मागितली. तिनं माझा चेहरा बघून लगेच काढून दिली. पाइप बाहेर काढला, खिडकीपाशी नेला, डोळे मिटले आणि लाकडापासून सुरुवात करून नख फिरवत नेलं. सांधा गेला, काही नाही. बाक गेला, काही नाही. पांढरा ठिपका आला नि गेला, तिथंही काही नाही. आणि मग टोकाच्या जरासं अलीकडे, नख अडकलं. डोळे उघडून बघितलं तर काहीच दिसेना. चष्मा लावला, उजेडात धरलं, तेव्हा केसासारखी एक चीर दिसली. डोमाजींच्या कामात पहिल्यांदा नख अडकलं होतं, आणि ते काम त्यांचं नव्हतं, माझं होतं. मी खुर्चीत बसून रडलो. सत्तरीच्या जवळचा माणूस, हातात थंड पाइप घेऊन, हुंदके देऊन रडलो; नलू शेजारी उभी राहिली आणि नुसती पाठीवरून हात फिरवत राहिली.

त्याला आता महिना होऊन गेला. शोकेसमध्ये ढाल एकटीच आहे. रोज सकाळी पेपर वाचायला बसलो की मी तिळाच्या तेलाचा एक थेंब बोटावर घेतो, दांडीला चोळतो आणि पाइप रिकामाच तोंडात धरतो. तंबाखू नाही, काडी नाही; नुसता वारा आत येतो नि बाहेर जातो. नलू म्हणते, बाळाला चोखणी दिल्यागत दिसता. दिसत असेन. दिसण्याचा किडा तेवढा मेला बहुतेक. तेलानं चीर वाढायची थांबली आहे, पण भरून आलेली नाही. ती भरून देणारा हात आता इतवारीत नाही. वाचता वाचता अंगठा आपोआप फिरत राहतो... ठिपक्यावरून सरळ निघून जातो आणि बोटभर पुढं जाऊन रोज अडकतो. तिथं अडकला की मी पेपर खाली ठेवतो.